कानातल्या आवाजाची पारख

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात, गांधीजींशी तातडीने संपर्क साधता यावा म्हणून तो बसवला गेला. त्या पिढीच्या रिसीव्हरमध्ये विद्युतचुंबक लोखंडी चकती हलवत असे. पुढे टेलिफोनसाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ हा पट्टा रूढ झाला. तरुण कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. बोलणे समजण्यास तो पट्टा पुरतो, गाण्यास अपुरा पडतो. तेव्हा पारख करताना आधी काम कोणते, हे विचारावे.

कानात बसणारा रिसीव्हरही नवा नव्हे. फ्रेंच अभियंता मर्काडिए यांनी १८९१ साली त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. कानाला टोचू नये आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून त्यांनी त्यावर रबराचे आवरण योजले. आजच्या शेदोनशे रुपयांच्या इयरफोनचे मर्म त्याच रबरात आहे. बोंडी सैल बसली, तर खर्ज स्वरांचा दाब फटीतून निसटतो.

वर्गात हे सहज पडताळता येईल. तबल्याचे ध्वनिमुद्रण लावून बोंडी सैल व घट्ट बसवून पाहावी. डग्ग्याचा घुमारा कमीजास्त होतो. दोन इयरफोनांची तुलना मात्र सारख्याच मोठेपणाने करावी, कारण मोठा आवाज उगाच चांगला वाटतो.

खरा धोका इथेच आहे. बोंडी सैल असली की गोंगाट आत येतो आणि मुले आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. दर ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल आहे. आतल्या कानातील नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

राहिला टिकाऊपणा. चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. किंमत १५० रुपयांच्या आत, वीस वर्षे चालणारा आणि दुरुस्तीला फार खर्च न येणारा, अशा त्याच्या अटी होत्या. इयरफोनची वायर बहुधा पिनेपाशी किंवा बोंडीपाशी तुटते. तिथे लवचीक रबरी आधार आहे का आणि तुटल्यास डाख देता येईल का, हे आपण घेण्याआधीच पाहावे. स्वस्त वस्तू वारंवार टाकावी लागली, तर ती स्वस्त राहत नाही.