राडारोडा, देशी झाडं आणि भाडेकरार

‘जुनं सामान वापरून, देशी झाडं लावून बाग नव्याने करू’ हे हल्ली कुठल्याही वॉर्डात ऐकू येतं. कल्पना नवी वाटते ना? माझ्या संशोधनात मात्र तिचा एक जुना, जरा कडू प्रयोग सारखा आडवा येतो. तो लंडनचा आहे.

१९७७. टॉवर ब्रिजशेजारी, थेम्सच्या दक्षिण काठावर, लॉऱ्या उभ्या करायची सुमारे दोन एकरांची ओसाड जागा. मॅक्स निकल्सन या निसर्गसंवर्धकाच्या पुढाकाराने तिथे बाग झाली. गुलाबाचे वाफे नाहीत, कापलेली हिरवळ नाही. तळं, गवत, झुडपं आणि ब्रिटनमधलीच रानफुलं. नाव दिलं विल्यम कर्टिस इकॉलॉजिकल पार्क. हा कर्टिस अठराव्या शतकातला वनस्पतिशास्त्रज्ञ. लंडनच्या आसपास उगवणाऱ्या साध्यासुध्या वनस्पतींवर त्याने मोठा सचित्र ग्रंथ काढला आणि त्यात पैसे घालवले. मग परदेशी शोभेच्या फुलांचं मासिक काढलं, ते मात्र धडाक्यात खपलं! देशी रोपांना गिऱ्हाईक कमी, हे तेव्हापासूनचं.

आता मातीचं बघा. बाग म्हटली की आपण आधी कसदार माती मागवतो. इथे वरची सुपीक माती न आणता खालच्या थरातली निकस माती आणून पसरली. का? माती कसदार असली की दांडगी गवतं आणि खाजरं तण भराभर माजतं, नाजूक रानफुलं गुदमरतात. निकस जमिनीत त्या दांडग्यांचा जोर चालत नाही. आपलं कास पठार आठवा: कातळावर जेमतेम मातीचा थर, म्हणून तर तिथे झाडांऐवजी फुलं. तेव्हा राडारोडा वापरणं म्हणजे निव्वळ काटकसर नव्हे, ती लागवडीची पद्धतही असू शकते.

आसपासच्या शाळांची मुलं तिथे तळ्यातले किडे बघायला येऊ लागली. बाग रुजली. आणि १९८५ मध्ये मोडली गेली.

रोपं मेली नव्हती, लोकही कंटाळले नव्हते. जागा मुळात तात्पुरती मिळाली होती. मालकाला परत हवी झाली, संपलं. बागांवरच्या लेखनात कुठलं झाड देशी आणि कुठलं परकं यावर पानंच्या पानं असतात. सातबारा कुणाच्या नावावर, हा प्रश्न तळटीपेत. माझ्या मते हे उलटं हवं. त्याच काळात माहीमच्या कचराभूमीवर एमएमआरडीएने महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं केलं, १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. मूळ कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाची, पण पाठीशी सरकारी यंत्रणा होती. हा फरक मला झाडांच्या यादीपेक्षा मोठा वाटतो.

लंडनच्या मंडळींनी पुढचं काम थोडं पूर्वेला, रॉदरहाइथमध्ये नेलं. तिथल्या बंद पडलेल्या गोद्यांच्या मलब्याची एक टेकडी रचली गेली, स्टेव्ह हिल. तिच्या पायथ्याशी त्यांनी नवं रान लावलं. ते अजून आहे.