भात्याचे अक्षर

मराठीत 'भाता' लोहाराचाही असतो आणि धनुर्धराचाही. दोहोंच्या मुळाशी संस्कृतातील 'भस्त्रा', म्हणजे चामड्याची पिशवी आहे. जपानात नेमके उलट झाले. तेथे भात्याचे अक्षर तेच राहिले, वाचन मात्र बदलले. आणि कोठे कोणते वाचन घ्यावयाचे हे ज्यास उमगत नाही, तो वीराच्या पाठीवर भलत्याच शतकातील भाता चढवून मोकळा होतो!

जपान्यांनी लिपी चीनकडून घेतली, पण अक्षर चिनी ठेवून त्यावर आपला देशी शब्द वाचण्याचीही रीत पाडली. भात्याच्या अक्षरात डावीकडे चामड्याची खूण आहे. त्याचे जुने वाचन 'युकी', मागाहून 'युगी'. प्राचीन राजांच्या थडग्यांवर मांडलेल्या मातीच्या आकृतींत हा पाठीवरचा भाता दिसतो. तो वाहणारे राजरक्षक ते 'युगेई'. अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या गेंजीच्या कथेत, पहिल्याच प्रकरणात, याच नावाची एक राजसेविका भेटते. तिने धनुष्य कधी हाती धरले नसेल. घरातील पुरुषाचा हुद्दा तिला चिकटला. आपल्याकडे पाटलीणबाई म्हणतात, त्यातलाच प्रकार.

पुढे पावसापाण्यापासून बाण राखण्यासाठी ते सबंध झाकणारा लांबट भाता आला. त्याचे नाव 'उत्सुबो'. 'पोकळ' या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. लिहिताना मात्र अक्षर जुनेच घेतले. या भात्यावर केसाळ कातडे चढवीत, आणि त्यावरच एक जुने प्रहसन रचलेले आहे. एक सरदार वाटेत माकडवाल्याला अडवतो आणि भात्यासाठी माकडाचे कातडे मागतो. न दिल्यास दोघांनाही बाणाने मारण्याची धमकी देतो. बिचारा माकडवाला रडत काठी उगारतो. माकडाला वाटते, खेळ सुरू झाला! ते काठी घेऊन नाव वल्हवण्याची नक्कल करू लागते. सरदार विरघळतो आणि अखेर स्वतःच नाचू लागतो.

ओसाका शहरात उत्सुबो नावाची वस्तीच आहे. दंतकथा अशी की, तेथील मासळीवाले 'यासु, यासु', म्हणजे 'स्वस्त, स्वस्त' असे ओरडत. हिदेयोशीने (मृत्यू १५९८) त्यावर कोटी केली: 'या' म्हणजे बाण, 'सु' म्हणजे घरटे, बाणांचे घरटे म्हणजे भाताच की! कोटी खरी असो वा नसो, नाव टिकले. १९५५ साली तेथे झालेल्या बागेलाही तेच आहे. मौज अशी की, या नावात जे अक्षर लिहितात त्यात चामड्याशेजारी पात्याची खूण असते. त्याचा मूळ अर्थ 'चिवट', आणि एरवी ते 'जिन' असे वाचतात.