घर राखावें कीं सोडावें?

‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारली, त्याच्या मनांत बंब या वस्तूविषयीं फारसा आदर नसावा. त्याला दोषहि देतां येत नाहीं. मोठ्या शहरांत बंब असतो, पगारी माणसें असतात, आणि घंटा वाजली कीं तीं धांवतात. खेडेगांवांत यांतलें बहुधा कांहींच नसतें. आमच्या लहानपणीं कोंकणांतल्या आमच्या वाडींत फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत गवताच्या गंजीला आग लागली म्हणजे विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागे, आणि कळशा, हंडे, घागरी हातोहात पुढें जात. गंजी बहुधा जळूनच जाई. शेजारचें घर मात्र वांचे. त्या रांगेला नांव नव्हतें, नियम नव्हते, नायक नव्हता. आग विझली कीं रांगहि विरून जाई, आणि पुढल्या वर्षीं तोच प्रकार पुन्हां घडे.

ही रांग विरून न जातां कायमची उभी राहिली तर काय होतें, याचा इतिहास पाहावयाचा असल्यास ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यांतील व्हिक्टोरिया राज्याकडे पाहावें. तेथील खेड्यापाड्यांत सुमारें बाराशें स्वयंसेवक अग्निशामक पथकें आहेत, आणि त्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. त्यांच्या शौर्याच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें शौर्याविषयीं नव्हे. या पथकांना आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांस एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागलें. वणवा येतांना दिसला तर घर राखावें कीं सोडावें? त्या उत्तराची ही हकीकत आहे.

प्रथम तेथील भूमीचा व वाऱ्याचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. आपण जिला निलगिरी म्हणतों त्या कुळांतील झाडें तेथें कोसच्या कोस पसरलेलीं आहेत. त्यांच्या पानांत तेल असतें, आणि कित्येक जातींची साल लांब चिंध्यांसारखी सुटून बुंध्यावर लोंबत राहते. वणवा पेटला कीं या चिंध्या जळत जळत वाऱ्यावर उडतात आणि कित्येक मैल पुढें पडून नवी आग लावतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा. त्या दिवसांत खंडाच्या कोरड्या अंतर्भागावरून उत्तरेचा तप्त वारा सुटतो, व आग एखाद्या लांब, अरुंद जिभेसारखी दक्षिणेकडे धांवते. मग पुष्कळदां सायंकाळच्या सुमारास नैर्ऋत्येकडून थंड वारा येतो. शहरांतला मनुष्य त्या गार झुळुकेनें सुखावतो. रानांत मात्र नेमकी तीच घटका घाताची असते. कारण त्या जिभेची जी पूर्वेकडील लांबच लांब कड इतका वेळ संथपणें जळत होती, तीच आतां आगीचें तोंड बनते. वाचकांनीं वारा फिरण्याची ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें ती तीनदां येणार आहे.

६ फेब्रुवारी १८५१ च्या सुमारास या प्रदेशाचा जवळजवळ चौथा हिस्सा जळाला. गोऱ्यांची वस्ती तेव्हां विरळ होती, म्हणून माणसें बारा मेलीं. मेंढ्या मात्र सुमारें दहा लक्ष. १८९० च्या कायद्यानें राजधानीबाहेरील पथकांसाठीं एक मंडळ नेमलें गेलें, पण तीं पथकें बाजारपेठेच्या गांवांचीं होतीं. शेतांत व रानांत राबणारीं पथकें निराळीं आणि बहुतांशीं मागाहून झालीं. त्यांच्यापाशीं काय होतें? ओलीं गोणपाटें, हिरव्या डहाळ्या, कुऱ्हाडी, आणि पाण्याचें पिंप वाहणारी घोड्याची गाडी.

या सामग्रीची कसोटी १३ जानेवारी १९३९ च्या शुक्रवारीं लागली. मेलबर्न शहरांत त्या दिवशीं उष्णता ४५.६ अंशांवर चढली होती. त्या उन्हाळ्यांतील वणव्यांनीं ७१ माणसांचा बळी घेतला. ६९ लांकूड कापण्याच्या गिरण्या व सुमारें पन्नास लक्ष एकर मुलूख जळून गेला. या गिरण्या अरण्याच्या पोटांत वसलेल्या. मजूर तेथेंच बिऱ्हाडें करून राहत. बाहेर पडण्याची वाट बहुधा एकच, तीहि झाडींतून. मॅटलॉकजवळच्या एका गिरणीवर पंधरा माणसें मेलीं आणि एकच वांचला.

चौकशीसाठीं न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांची नेमणूक झाली. त्यांनीं लांकूडतोड्यांपासून वनाधिकाऱ्यांपर्यंत शेंकडों लोकांच्या साक्षी ऐकल्या आणि चार महिन्यांच्या आंत जो निष्कर्ष मांडला तो कोणासच सुखकर नव्हता. या आगी बहुतेक माणसांनींच लावल्या होत्या. कुरण हिरवें फुटावें म्हणून गुरें पाळणाऱ्यानें, जमीन मोकळी व्हावी म्हणून शेतकऱ्यानें, अशी प्रत्येकानें आपापल्यापुरती आग लावली, आणि त्या साऱ्या मिळून सर्वांची झाली. राब भाजतांना ठिणगी डोंगरावर गेली तर ‘ती माझी नव्हे’ म्हणणारा शेतकरी आम्हीं पाहिला आहे, त्यामुळें हा निष्कर्ष वाचतांना आम्हांस परका वाटत नाहीं. स्ट्रेटन यांचें गद्य इतकें सरस उतरलें होतें कीं त्या अहवालांतील भाग पुढें तेथील मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांस इंग्रजीच्या अभ्यासास लावले गेले. असा मान आपल्याकडे एखाद्या चौकशी-अहवालास मिळाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

अहवालाचें कौतुक झालें. खेड्यांतील पथकें एका छत्राखालीं आणण्याची गोष्ट मात्र महायुद्धाच्या गर्दींत मागें पडली. २२ डिसेंबर १९४३ रोजीं वांगारट्टाजवळ गवताच्या आगींत सांपडून दहा स्वयंसेवक मेले. फेब्रुवारी १९४४ मध्यें आग यालूर्न येथील कोळशाच्या उघड्या खाणींत शिरली. मेलबर्नला वीज पुरविणारें केंद्र तेथेंच होतें. राजधानीचे दिवे विझण्याची वेळ आली तेव्हां सरकारास जाग आली, हें म्हणणें कटु आहे, पण तारखा तेंच सांगतात. स्ट्रेटनसाहेबांनाच पुन्हां चौकशीस बसविण्यांत आलें, आणि एप्रिल १९४५ मध्यें ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ ही संस्था कामास लागली.

या संस्थेचें पथक म्हणजे गांवाच्या कडेला पत्र्याची एक शेड, तींत पाण्याची टांकी असलेल्या एक-दोन लाल मोटारी, आणि गांवचींच माणसें: गवळी, सुतार, दुकानदार, शाळामास्तर. पगार नाहीं. नायक त्यांनींच निवडलेला. भोंगा वाजला कीं हातांतलें काम टाकून निघावयाचें. आणि ज्याच्या घराकडे मोटार धांवते तो बहुधा ओळखीचाच असतो. परंतु यांतील हिशोब कोणासहि समजण्यासारखा आहे. गांवांत मोटारी दोन, घरें दोनशें. ज्या दिवशीं सारा डोंगर पेटतो त्या दिवशीं प्रत्येक दारीं बंब पोंचणें अशक्यच. म्हणजे आपली म्हण तेथेंहि खरीच. तेव्हां बंबाचें खरें काम आगीच्या दिवसाआधींच झालें पाहिजे, आणि तें पाण्यानें नव्हे, बोलण्यानें झालें पाहिजे, हें त्या लोकांस हळूहळू उमगलें. पण बोलावयाचें काय?

८ जानेवारी १९६९ रोजीं लारा येथील हमरस्त्यावर गवताची आग आडवी आली व तेथें सतरा प्रवासी मेले. गाड्या सोडून धांवणाऱ्यांची गत वाईट झाली. पुढें १६ फेब्रुवारी १९८३ रोजीं व्हिक्टोरिया आणि शेजारचें दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून ७५ माणसें दगावलीं. त्या संध्याकाळीं वारा फिरला, आणि अपर बीकन्सफील्ड येथें बारा स्वयंसेवक आपल्या मोटारींसकट आगीच्या नव्या तोंडीं सांपडले. या आगीनंतर मौंट मॅसेडन भागांत संशोधकांनीं शेंकडों घरांची पाहणी केली. तींत असें दिसलें कीं घर ज्वाळांच्या भिंतीनें क्वचितच पेटतें. तें पेटतें उडत्या निखाऱ्यांनीं. पन्हळींत सांचलेला पाला, कौलांखालची फट, जमिनीखालची पोकळी यांत निखारा शिरतो आणि आग निघून गेल्यावर अर्ध्या घटकेनें घर जळूं लागतें. त्या वेळीं घरांत धट्टाकट्टा मनुष्य असेल व त्याच्या हातीं बादली असेल तर तो निखारा विझतो. ज्या घरांत माणसें राहिलीं तीं घरें कितीतरी अधिक प्रमाणांत वांचलीं होतीं. आणि ऐन वेळीं पळून जाणारे रस्त्यांत गांठले गेले होते.

यावरून शिकवण तयार झाली ती सुटसुटीत होती. निघावयाचें असेल तर लवकर, धूर दिसण्यापूर्वींच निघा. राहावयाचें असेल तर पूर्ण तयारीनिशीं राहा. अधलें-मधलें कांहीं करूं नका. आग घरावरून जाते तीं कांहीं मिनिटें घर माणसाला राखील, मग माणसानें घराला राखावें.

ही शिकवण गल्लोगल्लीं नेण्यासाठीं १९९३ च्या सुमारास ‘कम्युनिटी फायरगार्ड’ नांवाचा उपक्रम निघाला. आठ-दहा घरांनीं कोणाच्या तरी स्वयंपाकघरांतल्या टेबलाभोंवतीं जमावें, पथकाकडून आलेल्या माणसानें चहा घेत घेत निखाऱ्यांची गोष्ट सांगावी, मग सर्वांनीं मिळून एकमेकांच्या घरांभोंवतीं फेरी मारावी: ही पन्हळ साफ करा, हें सरपण भिंतीपासून दूर न्या, वीज गेल्यावर तुमचा पंप कशावर चालेल? कोणीं कोणास फोन करावयाचा तेंहि ठरे. आम्हांस या साऱ्या इतिहासांत हें दृश्य फार आवडतें. पथकांनीं स्वतःहि शिकणें सोडलें नाहीं. २ डिसेंबर १९९८ रोजीं लिन्टन येथें पुन्हां वारा फिरला व एका मोटारीवरील पांच स्वयंसेवक मेले. तेव्हांपासून टांकींतलें कांहीं पाणी मोटारीवरील माणसांच्या बचावासाठीं राखून ठेवण्यावर कटाक्ष आला.

मग ७ फेब्रुवारी २००९ चा शनिवार उजाडला. मेलबर्नला ४६.४ अंश उष्णता, आणि घोंगावणारा उत्तर वारा. सायंकाळीं तो नैर्ऋत्येचा झाला. किंगलेक, मेरिसव्हिल, स्ट्रॅथ्यूअन हीं गांवें उद्ध्वस्त झालीं. दोन हजारांहून अधिक घरें जळालीं. १७३ माणसें मेलीं. त्यांतील ११३ जणांना घराच्या आंतच मृत्यु आला.

हा आंकडा वाचून आम्ही बराच वेळ थांबलों. त्या मृतांपैकीं सर्वच कांहीं घर राखण्यास थांबलेले नव्हते. कोणास इशारा मिळाला नाहीं, कोणी वृद्ध होते, आणि कित्येकांनीं ‘पाहूं, वेळ आली कीं ठरवूं’ असा, ज्याची सक्त मनाई केली होती तोच, मधला मार्ग धरला होता. नवऱ्यास राहावयाचें व बायकोस निघावयाचें, असेंहि कित्येक घरांतून घडलें. पण कांहीं घरें अशींहि होतीं कीं जेथें पंप होता, पाणी होतें, तयारी होती, आणि तरीहि माणसें गेलीं.

मग ती शिकवण खोटी होती काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल, असें आम्हांस वाटतें. सामान्य वणव्यांत ती खरी ठरली होती, आणि पाहणीचा पायाहि तिला होता. पण ती १९८३ च्या आगीवरून मापलेली होती. २००९ ची आग त्या मापांत बसली नाहीं. शिवाय तिच्यांत एक ‘जर’ होता. जर अंगांत बळ असेल, जर घर राखण्याजोगें असेल, जर मन खंबीर असेल. वर्षानुवर्षें तीच वाक्यें बोललीं गेल्यानें हा ‘जर’ झिजून गेला असावा. आणि सांगणारा कोण होता, तेंहि पाहिलें पाहिजे. हीच गोष्ट सरकारी पत्रकानें सांगितली असती तर लोकांनीं अर्धीमुर्धीच मानली असती. येथें सांगणारा ओळखीचा होता. त्याच्या मोटारीनें मागें आपली गंजी विझविलेली होती. स्वयंसेवक पथकाची सारी शक्ति या विश्वासांत आहे, आणि म्हणूनच त्याच्या सांगण्यांतील चूक इतरांच्या चुकीपेक्षां महाग पडते. त्या शनिवारनंतर आपल्याच शेजाऱ्यांच्या अंत्ययात्रांस जातांना त्या टेबलाभोंवतीं बोललेल्या माणसांस काय वाटलें असेल, याची कल्पना करवत नाहीं.

बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें जुलै २०१० मध्यें ६७ शिफारशी केल्या. जुनी शिकवण त्यानें पार मोडीत काढली नाहीं. मात्र कित्येक घरें राखतांच येणार नाहींत, आणि अत्यंत भयंकर दिवशीं लवकर निघून जाणें हाच सुरक्षित मार्ग आहे, हें लोकांस स्पष्ट सांगितलें जावें असें बजावलें. धोक्याच्या मापनांत सर्वांत वरची एक नवी पायरी आली. २०२२ पासून तें मापन देशभर चार पायऱ्यांचें झालें. ज्यांना निघतां आलें नाहीं त्यांच्यासाठीं शेवटच्या आसऱ्याच्या जागा नेमल्या गेल्या. आतां पथकें आरंभ करतात तो जिवापासून. घराची गोष्ट नंतर.

स्ट्रॅथ्यूअन या चिमुकल्या गांवांत त्या शनिवारीं २७ माणसें मेलीं. शाळाहि जळाली, ती पुन्हां बांधली. २०१६ पासून त्या शाळेंतील वरच्या वर्गांचीं मुलें आणि गांवचें पथक यांनीं मिळून एक अभ्यास चालविला. स्वयंसेवक वर्गांत येऊन बसत. ज्यांचीं स्वतःचीं आप्तेष्ट माणसें गेलीं होतीं असेहि लोक मुलांपुढें बोलले. मुलें हवेचा अंदाज वाचावयास, नकाशा पाहावयास आणि आग कशी चालते तें ओळखावयास शिकलीं, व शिकलेलें घरीं नेऊं लागलीं. त्यांनीं मातीचीं चित्रें घडवून, तीं हलकेंच सरकवीत, एक लहानसा चित्रपटहि केला.