मातीविना मूळ : बाल्कनीतील एका बादलीचा पावणेचारशे वर्षांचा इतिहास

१/ मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, काठाने तिवरांची राने आणि मिठागरे. खाजणाच्या या शहरात इमारतीत राहणाऱ्याला कुंडीपुरती मातीही बहुधा विकत आणावी लागते. म्हणूनच नुसत्या तुषारांवर भाजी वाढवणाऱ्या ‘एरोपोनिक’ बादलीचे इथे आकर्षण वाटते. त्या बादलीमागे एक जुना प्रश्न आहे : झाड मातीतून नेमके घेते तरी काय?

२/ फ्लेमिश वैद्य यान बाप्टिस्ट फान हेल्मॉन्ट याने २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि ५ वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले. माती घटली अवघी २ औंस. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. हवेचा वाटा त्याला उमगला नाही, आणि ते २ औंस त्याने सोडून दिले.

३/ त्या २ औंसांचे मोल १६९९ मध्ये दिसले. इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिना पावसाच्या पाण्यात, थेम्सच्या पाण्यात आणि बागेची माती मिसळलेल्या पाण्यात वाढवला. माती मिसळलेल्या पाण्यातला सर्वांत जोमदार निघाला. पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियुस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मोजके क्षार विरघळवून निव्वळ पाण्यात रोपे वाढवली.

४/ आज दुकानात मिळणारे पोषक द्रावण त्याच परंपरेतले. ते दोन बाटल्यांत येते, कारण दाट द्रावणात कॅल्शियम हे फॉस्फेट-सल्फेटशी मिळाले की साका तळाशी बसतो.

५/ पण मुळांना श्वासही हवा. भाईंदरच्या खाडीकाठी ओहोटीला पाहा : चिखलात प्राणवायू नसल्याने तिवराची श्वसनमुळे खुंट्यांसारखी वर आलेली असतात. मूळ हवेतच टांगले आणि त्यावर द्रावण फवारले तर? रशियाच्या व्लादिमिर आर्त्सिखोव्स्की याने १९११ साली अशा हवाई संवर्धनावर लेख प्रसिद्ध केला.

६/ पुढचा टप्पा मोठा उद्बोधक आहे. १९४२ मध्ये डब्ल्यू. कार्टर यांनी आणि १९४४ मध्ये एल. जे. क्लॉट्झ यांनी तुषारांत रोपे वाढवली, ती भाजीसाठी नव्हे. मुळे आणि त्यांचे रोग न उपटता पाहता यावेत म्हणून. १९५७ मध्ये एफ. डब्ल्यू. वेंट यांनी कॉफी आणि टोमॅटो असेच वाढवले व पद्धतीला ‘एरोपोनिक्स’ हे नाव दिले.

७/ आता बादली. २० लिटरची, गडद रंगाची, झाकणाची; आत उजेड शिरला तर शेवाळ धरते. झाकणाला भोके पाडून जाळीचे पेले बसवा, रोपाला स्पंजचा आधार द्या. तळाशी द्रावण व कूलरचा छोटा पंप, त्याला नळी आणि फवारणीचे नोझल, बाहेर टायमर. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ राखा. विजेची जोडणी पाण्यापासून दूर आणि उंचावर ठेवा.

८/ माती वगळली की तिची कोठारेही जातात. कुंडीतली माती पाणी धरून ठेवते. दोन दिवस गावी गेलात तरी रोप तग धरते. बादलीत वीज गेली की उन्हाळ्यात काही तासांत मुळे सुकू लागतात. मातीचे काम आता यंत्राला आणि माणसाच्या लक्षाला करावे लागते.

९/ ही अडचण भारतात फार पूर्वी ओळखली गेली. १९४३ च्या दुष्काळाने होरपळलेल्या बंगालमध्ये, कालिंपाँग येथे जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून मातीविना शेतीचे प्रयोग केले. सामान्य घराला परवडावे म्हणून त्यांनी यंत्रे टाळली. खडी-वाळूचे वाफे आणि वर भुरभुरलेली कोरडी खते, हीच ती ‘बंगाल पद्धत’.

१०/ महाराष्ट्राने वेगळी वाट धरली : माती नसेल तर ती घडवा. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळ्यातून सुपीक माती करण्याचे आणि गच्चीवरील शेतीचे धडे दिले. त्यातून प्रेरणा घेऊन प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली.

११/ तुषारांचे तंत्र व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था त्याच तंत्राने रोगमुक्त बियाण्याचे बटाटे वाढवते. तिथे मूळ नजरेसमोर असण्याला मोल आहे. रोजच्या पालकासाठी मात्र ओल्या कचऱ्याच्या खताचा ड्रम अधिक भरवशाचा.

१२/ तेव्हा मित्रहो, दोन्ही करून पाहा. बादलीत वुडवर्डचाच पुदिना लावा, शेजारी ड्रममध्येही लावा. महिनाभराने दोन्ही तोला आणि लागलेले पाणी, वीज, खर्च वहीत मांडा. हेल्मॉन्टच्या हातातही तराजूच होता. फक्त ते २ औंस सोडू नका.