झीलकऱ्यांचा हक्क

गीत एकाच्या मुखातून ऐकू येते, म्हणून ते एकट्याचेच असते असे नाही. न्यूयॉर्कमधील पाच मुलांच्या एका गीताने हा साधा विचार न्यायालयाच्या दारापर्यंत नेला. त्याचा इतिहास समूहाने गाणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत 'डू-वॉप' नावाची गायनपद्धती बहरली. वाद्ये घेण्याची ऐपत नसलेली मुले रस्त्याच्या कोपऱ्यावर किंवा जिन्याखाली जमत. एकजण मुख्य स्वर धरी. बाकीचे झीलकरी निरर्थक अक्षरांची आवर्तने करून वाद्यांची उणीव भरून काढीत. फ्रँकी लायमन, हर्मन सँटियागो, जिमी मर्चंट, जो नेग्रोनी आणि शर्मन गार्न्स हे पाचजण असेच एकत्र आले. तिघे कृष्णवर्णीय, दोघे पोर्तो रिकोच्या वंशाचे. लायमन अवघा तेरा वर्षांचा.

त्यांचे 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' हे गीत जानेवारी १९५६ मध्ये जॉर्ज गोल्डनर यांच्या 'जी' कंपनीने प्रसिद्ध केले. मूर्ख माणसे प्रेमात का पडतात, हा त्यातील बालसुलभ प्रश्न. ते अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत सहाव्या, तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढे लायमनला संघापासून वेगळे काढण्यात आले. एकट्याने गाताना ते यश त्याला पुन्हा लाभले नाही. मादक द्रव्याच्या आहारी जाऊन १९६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो मरण पावला.

१९८१ मध्ये डायना रॉस यांनी हे गीत पुन्हा गायिले आणि त्याचे मोल वाढले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे अठ्ठावीस वर्षांनंतर स्वामित्वहक्काचे नूतनीकरण होई व कर्ता हयात नसल्यास तो हक्क विधवेकडे जाई. तेव्हा तीन स्त्रियांनी आपण लायमनची विधवा असल्याचा दावा मांडला. अखेर अपिलात जॉर्जिया राज्यातील एका शिक्षिकेचा दावा मान्य झाला.

परंतु मूळ प्रश्न निराळाच होता. कर्ता म्हणून लायमनच्या जोडीला प्रथम गोल्डनर यांचे आणि पुढे मॉरिस लेव्ही यांचे नाव लागले होते. हे दोघेही धंदेवाले. सँटियागो व मर्चंट यांनी १९८७ मध्ये दावा दाखल केला. १९९२ मध्ये ज्यूरीने तेही लायमनसह गीताचे कर्ते असल्याचा निर्णय दिला. १९९६ मध्ये मात्र अपील न्यायालयाने हा दावा मुदतबाह्य ठरविला. कायद्याची मुदत तीन वर्षांची. वादींनी तीस वर्षे घालविली होती.

कायदा जागत्याला साह्य करतो, हे तत्त्व चुकीचे नव्हे. मुदतीचे बंधन नसते, तर कोणताच व्यवहार स्थिर राहिला नसता. तथापि गीत रचले गेले तेव्हा वादी अज्ञान होते आणि पुढे आपणांस धमकावण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. अशा पक्षकाराची झोप आणि धूर्ताची झोप एकाच मापाने मोजावी काय? एवढे मात्र स्पष्ट आहे की मुदतीमुळे दावा बुडतो, घडलेली गोष्ट बुडत नाही. ज्यूरीने वस्तुस्थितीविषयी काढलेला निष्कर्ष खोटा होता, असे अपील न्यायालयाने म्हटले नव्हते.

म्हणून समूहाने गाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. नवे पद बसविले की, ज्यांनी ज्यांनी त्यात भर घातली त्या सर्वांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून तारीख घालावी. स्नेह आहे तेव्हाच हे सोपे असते. पैसा आल्यावर नव्हे.