अंगदुखी सारखी, आजार दोन : फायब्रोमायल्जिया आणि क्रॉनिक फटिग सिंड्रोम



महिनोन्‌महिने अंग दुखते, थकवा जात नाही आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल! अशा वेळी डॉक्टरांकडून ही दोन नावे ऐकायला मिळतात. दोन्हींत वेदना, थकवा आणि अपुरी वाटणारी झोप असते. पण व्यायामाचा सल्ला दोन्हींत वेगळा असल्याने फरक माहीत हवा. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

फायब्रोमायल्जिया
* दुखणे हेच मुख्य लक्षण. ते किमान ३ महिने आणि अंगभर असते. सांध्यांना सूज नसते.
* मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून घेते, म्हणून हलका दाबही दुखतो.
* १९९० च्या अमेरिकन निकषांत १८ पैकी ११ जागा दाबून पाहत. २०१० पासून दुखरे भाग मोजतात आणि थकवा, झोप, विसराळूपणाही विचारतात.

क्रॉनिक फटिग सिंड्रोम
* मुख्य लक्षण थकवा. किमान ६ महिने, विश्रांतीने न जाणारा.
* खास खूण : थोड्या शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतर, बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी, सर्व त्रास बळावतो.
* स्नायू, सांधे, डोके दुखू शकते. पण २०१५ च्या अमेरिकन निकषांत वेदना असणे आवश्यक नाही.

व्यायाम
फायब्रोमायल्जियात चालणे, पोहणे हळूहळू वाढवल्यास फायदा होतो. क्रॉनिक फटिगमध्ये मात्र तेच अंगाशी येऊ शकते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार यात देऊ नये असे सांगितले. आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहणे महत्त्वाचे. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. "आळस झटक, जिमला जा" असे घरच्यांनी म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे.

कुवेतमध्ये राहताना
१. उन्हामुळे आपण सतत एसीत असतो. इथे व्हिटॅमिन डीची कमतरता सर्रास आढळते आणि तिनेही अंग दुखते. ती तपासणी आधी करावी. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि शाकाहारींनी बी१२.
२. प्रेगाबालिन, ट्रामाडोल ही औषधे इथे नियंत्रित आहेत. भारतातून स्वतःसाठी किंवा कुणासाठी 'पार्सल' म्हणून आणण्यापूर्वी नियमांची खात्री करावी. नाहीतर विमानतळावर गंभीर अडचण येऊ शकते.
३. दोन आठवडे रोज लिहून ठेवा : काय श्रम झाले, कुठे दुखले, त्रास त्याच दिवशी वाढला की दुसऱ्या दिवशी. ही वही डॉक्टरांना जरूर दाखवा.

हा लेख केवळ माहितीसाठी आहे. निदान व उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत.