पुळणीवरचं वाळूचं कडं म्हणजे कचरा नव्हे, गोगलगायीची अंडी!

ओहोटी लागली की कोकणातल्या पुळणीवर कधी कधी वाळूचं एक गोल कडं पडलेलं दिसतं. आकार बुड नसलेल्या वाटीसारखा आणि हात लावला तर रबरासारखं लवचिक. पोरं ते फेकाफेकीला घेतात, पर्यटक प्लास्टिक समजून लाथ मारतात. खरं तर त्यात समुद्री गोगलगायीची हजारो अंडी असतात.

कडं कसं तयार होतं?

हे कडं घालणारी गोगलगाय गोल, गुळगुळीत शंखाची असते आणि वाळूत गाडून राहते. तिसरीच्या शिंपल्याला बारीक गोल भोक दिसतं ना, ते बहुतेक हिनेच पाडलेलं असतं. शिंपला पोखरून ती आतलं मांस खाते. या गोगलगायींत नर-मादी वेगळे असतात. मादी अंगातल्या चिकट द्रवात वाळू कालवते, त्यात अंडी बसवते आणि तो थर स्वतःभोवती गोल फिरवत नेते. मधल्या मोकळ्या जागेत ती स्वतः असते, म्हणून कड्याला बुड नसतं. पिल्लं बाहेर पडली की कडं आपोआप विरून जातं.

खडपावरच्या गोगलगायी

खडपावर राहणाऱ्या काही शिकारी गोगलगायी दगडाच्या कपारीत किंवा दगडाखाली छोट्या छोट्या पिशव्या चिकटवतात. एकेका पिशवीत बरीच अंडी असतात. काही जातींत आधी वाढलेली पिल्लं उरलेली अंडी खाऊनच मोठी होतात. दुसऱ्या काही जाती मात्र अंडी आणि नराचं बीज थेट पाण्यात सोडतात.

अंड्यातून निघालेलं पिल्लू बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक असतं. अंगावरच्या केसांसारख्या तंतूंनी ते पोहतं आणि प्रवाहाबरोबर दूर जातं. योग्य जागा मिळाली की तळाला बसून चालायला लागतं. यातली बरीच पिल्लं माशांच्या पोटात जातात. म्हणजे आपल्या मासळीचं खाणंही हेच.

चिखलातले किडे

गळाला आमिष म्हणून लावतात ते समुद्री किडे गांडुळाच्याच नात्यातले. शाळेच्या पुस्तकातला नेरीस त्यांपैकीच. तो एरवी वाळूत, चिखलात लपून असतो. वीण जवळ आली की त्याचं रूपच बदलतं. डोळे मोठे होतात, बाजूचे पाय वल्ह्यासारखे चपटे होतात. मग रात्री नर-मादी झुंडीने पाण्याच्या वर येतात, अंडी आणि बीज सोडतात आणि बहुतेक जातींत तिथंच मरतात. ही वेळ अनेकदा चंद्राच्या तिथीवर ठरते. सगळे एकाच रात्री आले तरच अंडी फळतात, एकटादुकटा आला तर सगळं वाया.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर पालोलो नावाचा असाच किडा आहे. तो स्वतः बिळातच राहतो, फक्त अंडी-बीजाने भरलेला शेपटाकडचा भाग तुटून वर येतो. तिथले लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात वद्य अष्टमीच्या सुमाराला जाळी घेऊन समुद्रावर जातात आणि तो आवडीने खातात.

आपण काय करायचं?

• ओलं, लवचिक कडं दिसलं तर उचलू नका, आहे तिथंच राहू द्या.
• कालवं, खेकडे काढताना उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवा. उघडी पडलेली अंडी उन्हात सुकून मरतात.
• पुळणीवर गाड्या घालू नका. वाळूतली बिळं आणि कडी चाकाखाली चिरडतात.
• शंख उचलण्याआधी आत जीव आहे का ते बघा. असेल तर परत पाण्यात सोडा.

वेळास, आंजर्ले इथं कासवाच्या अंड्यांना गावाने राखण केली, म्हणून पिल्लं समुद्रात जाताना दिसतात. गोगलगायीच्या अंड्यांना राखणही नको, पायाखाली आली नाहीत एवढंच पुरे.